कुणालाच न कळणाऱ्या भाषेतली कृष्णधवल शॉर्टफिल्म: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

परभणी जिल्ह्यात सेलूला आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. हळद, अक्षता, वरात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा हळद. दहा-बारा वर्षं हेच केलं की डोक्यात काहीतरी वाकडं शिरतं. माझ्या डोक्यात एक चौकट शिरली. दाराची चौकट. भिंत नाही, घर नाही, काळ्या रानात नुसती चौकट उभी. शेजारी टेबल टाकून एक साहेब बसलेत आणि कागद बघितल्याशिवाय ते कुणाला पलीकडे सोडत नाहीत. गाव रांगेत उभं. दोन्ही बाजूंनी रान मोकळं पडलंय, पण बाजूनं कुणीच जात नाही.

ही गोष्ट आम्ही काळ्या-पांढऱ्यात आणि आम्हीच घडवलेल्या भाषेत केली. लांबी अकरा मिनिटं. पहिलं शूटिंग सगळंच्या सगळं फेकून द्यावं लागलं. विचित्र सिनेमा म्हणजे वाटेल ते केलं तरी चालतं, अशी आमची समजूत होती आणि तिथंच गाडी घसरली. दुसऱ्यांदा नियम बांधून केलं तेव्हा जमलं. तुमचं पहिलं शूटिंग वाया जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय.

१. गोष्ट आधी साध्या मराठीत लिहा

अशक्य गोष्ट एकच ठेवा. बाकी सगळं जग तुमच्या-माझ्या तालुक्यासारखं, अगदी कायद्यानं चालू द्या. आमच्या पहिल्या खर्ड्यात चौकट होती, उडणारी म्हैस होती, उलटं घड्याळ होतं आणि साहेबांच्या टोपीतून झाड उगवत होतं. वाचून कुणी हसलं नाही. बायको म्हणाली, "हे सगळं खरंय, पण माणसं काय करायलीत?" तिला उत्तर देता आलं नाही.

मग म्हैस, घड्याळ, झाड सगळं काढलं आणि चौकटीकडेच बघत बसलो. एकजण आत जाण्याआधी पायपुसण्यावर पाय पुसतो. सरपंच बुटके, तरी वाकून जातात. मामी पलीकडे गेल्यावर मागं वळून नसलेलं दार लोटून घेते. पऱ्हाट्यांचा भारा घेतलेला गडी आडवा अडकतो, भारा फिरवतो, उभा धरतो, तिरका करतो, सगळं करून बघतो, पण तीन पावलं बाजूला सरकत नाही. गंमत इथून यायला लागली.

चाचणी सोपी आहे. पानटपरीवर कुणालातरी तीन वाक्यांत गोष्ट सांगा. तो "मंग?" म्हणाला तर पुढं जा. "म्हंजे?" म्हणाला तर परत लिहा.

२. भाषा घडवा, बडबड करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. आम्ही इथंच वाचवायला गेलो होतो.

नाट्यशिबिरात जिब्रिशचा खेळ असतो तो तुम्ही केला असेल. तोंडाला येईल ते बोलायचं आणि भाव पोचवायचा. अंग मोकळं करायला तो खेळ उत्तम, पण सिनेमा त्यावर चालत नाही. पहिल्या शूटिंगला मी कलाकारांना सांगितलं, "बोला काहीही." दोन मिनिटांत सगळे डब केलेल्या सिनेमातल्या खलनायकासारखे बोलायला लागले. सगळ्यांचं "अबुडबुड लकालका" सारखंच. एकाच्या बडबडीत नकळत चांगली ठसठशीत शिवी येऊन गेली, ती एडिटिंगला बसल्यावर कळली.

आपल्याकडं न कळणाऱ्या बोलण्याची जुनी परंपरा आहे. लहानपणी च ची भाषा सगळेच बोललो: 'मला पाणी दे'चं 'चलाम चाणीप चेद'. ('तू'चं काय होतं ते मोठ्यांसमोर करून बघू नका.) बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. गोंधळ्यांची करपल्लवी तर कमालच असते. समोरच्यानं कानात सांगितलेलं नाव एक गोंधळी बोटांच्या खुणांनी दाखवतो आणि लांब उभा असलेला दुसरा ते ओळखतो. या तिन्हींत अर्थ पुरेपूर असतो, तो फक्त झाकलेला असतो. तुमच्या भाषेतही तसंच हवं. नटाला प्रत्येक वाक्याचा अर्थ पाठ असला पाहिजे. कळायचं नाही ते फक्त प्रेक्षकाला, आणि त्यालाही हळूहळू कळायला लागलं पाहिजे.

आम्ही असं केलं.

पहिल्यांदा आवाज निवडले. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे सगळे काढून टाकले. तेवढ्यानंच बोलणं मराठीपासून लांब गेलं. मराठी शब्द 'ळ' किंवा 'ण'नं सुरू होत नाही, म्हणून आमचे महत्त्वाचे शब्द मुद्दाम तसे केले. चौकट म्हणजे 'ळोबट', कागद म्हणजे 'णिलप', मी म्हणजे 'णाबी'. ऐकणाऱ्याचा कान तिथंच टवकारतो, पण अक्षरं ओळखीची असल्यामुळं आमच्या आबांनासुद्धा ती बोलता आली. इंग्रजी वळणाचे किंवा घशातून काढायचे आवाज ठेवू नका. गावातले हौशी कलाकार तिसऱ्या टेकला दमतात.

मग वाक्याची रचना. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आम्ही ते पुढं आणलं. 'परूग णाबी ळोबट' म्हणजे 'मी चौकटीतून जातो'. प्रश्न विचारायचा तर क्रियापद दोनदा. 'टेबू टेबू णिलप?' म्हणजे 'कागद आणलाय का?' एवढं व्याकरण पुरतं. विभक्तीच्या नादी लागू नका.

शब्द चाळीस-पन्नासच ठेवा. ज्या शब्दावर विनोद उभा राहणार आहे तो पहिल्या दोन मिनिटांत तीनदा यावा, आणि दरवेळी ती वस्तू हातात किंवा नजरेसमोर असावी. आमच्या सिनेमात चौथ्यांदा 'णिलप' येतो तेव्हा लोक आपोआप साहेबांच्या टेबलाकडं बघतात.

आता मान देण्याची पद्धत. मराठीत तू, तुम्ही, आपण आहे. आमच्या भाषेत समोरचा जेवढा मोठा तेवढा शेवटचा स्वर लांबवायचा. शेजाऱ्याला 'बमूल', शिपायाला 'बमूऽल', साहेबांना श्वास पुरेल तोवर. रांगेतला एक म्हातारा साहेबांना हाक मारता मारता खाली बसतो, हा प्रसंग लिहिलेला नव्हता, नियमातूनच निघाला. नियम कडक बांधला की असे प्रसंग फुकट मिळतात.

आणि सगळ्यात कामाला आलेली गोष्ट म्हणजे 'च्क'. आपल्याकडं मान वर करून जीभ टाळ्याला लावून 'च्क' केलं की 'नाही'. आमच्या भाषेत 'च्क' म्हणजे 'हो'. सिनेमाच्या शेवटी परगावचा एक पाहुणा पलीकडे जाऊ का विचारतो, साहेब प्रेमानं 'च्क' म्हणतात, आणि पाहुणा मान खाली घालून आल्या वाटेनं परत जातो. महिनाभर तालमीत हीच भाषा चालली. एक दिवस चहा आहे का विचारल्यावर हॉटेलातल्या पोरानं 'च्क' करून चार कप मांडले, तेव्हा म्हटलं, आता कॅमेरा काढायला हरकत नाही.

मोठा धोका: शेजारच्या भाषा. मराठवाड्यात देगलूर, बिलोली पट्ट्यात तेलुगू बोलणारी घरं आहेत, उदगीर, निलंग्याकडं कानडी आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे, शहरांत दखनी आहे. शिवाय कैकाडी, वडार, पारधी या समाजांच्या आपापल्या बोली आहेत. तुमची 'बनवलेली' भाषा यातल्या एखादीची नक्कल वाटली तर तो विनोद राहत नाही, टिंगल होते. साहेबांसाठी आमचा पहिला शब्द होता 'कुरी'. उदगीरच्या मित्राला ऐकवला तर तो हसून लोटपोट. कानडीत कुरी म्हणजे मेंढरू. शब्दांची यादी पक्की करण्याआधी यातली प्रत्येक भाषा बोलणाऱ्या एका तरी माणसाला ती मोठ्यानं वाचून दाखवा. आमचे सहा शब्द यात गळाले.

शेवटी संहिता तीन रकान्यांत लिहा: मराठी अर्थ, घडवलेलं वाक्य, कृती. कलाकारांना आधी दोन दिवस फक्त मराठी रकान्यावर तालीम द्या. भांडण मराठीत नीट जमलं की मगच दुसऱ्या रकान्यावर या.

३. कपडे आणि चेहरे आधी काळ्या-पांढऱ्यात बघा

रंगीत शूट करून नंतर रंग काढला की झालं, असं वाटतं. शूट रंगीतच करायचं, ते बरोबर आहे, कारण फोनमध्येच काळं-पांढरं रेकॉर्ड केलं तर नंतर हातात काही राहत नाही. पण डोळ्यांना मात्र पहिल्या दिवसापासून राखाडीची सवय लावा. कपड्यांची, भिंतीची, तोंडांची फोनवर मोनो, म्हणजे काळा-पांढरा, फिल्टर लावून तपासणी करा.

एचडी व्हिडिओत रंग किती उजळ ते मोजताना हिरव्याला सुमारे ७२ टक्के वजन असतं, लालला २१ आणि निळ्याला फक्त ७. म्हणून भडक लाल लुगडं वाटतं त्यापेक्षा गडद येतं आणि गर्द निळं तर जवळपास काळंच. लाल लुगडं आणि गडद हिरवं लुगडं शेजारी उभं केलं तर दोघी एकाच दुकानातून आल्यासारख्या दिसतात. रंग विसरा, उजळ-गडद एवढंच बघा. बारीक चौकड्याचा आणि बारीक रेघांचा शर्ट टाळा, फोनच्या कॅमेऱ्यात तो वळवळतो.

पांढरं धोतर, नीळ दिलेली टोपी उन्हात फुटून नुसता पांढरा डाग होते, घडीसुद्धा दिसत नाही. कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. डोळ्याला किंचित मळकं वाटेल, पडद्यावर पांढरंशुभ्र येईल. आणि काळी माती वाळली की काळी राहत नाही, उन्हात करडी दिसते. चौकटीपुढची पंधरा फूट जमीन आम्ही पंपानं भिजवून घेतली.

आता आमची फजिती सांगतो. एडिटिंगमध्ये चॅनल मिक्सर असतो. काळं-पांढरं करताना लाल, हिरवा, निळा यांतला कुठला रंग किती धरायचा ते त्यात ठरवता येतं. लाल चॅनल वाढवला की निळं आभाळ काळंभोर होतं आणि ढग उठून दिसतात. मी खुशीत लाल वाढवला. आभाळ झकास झालं. आईला दाखवलं तर ती आभाळाकडं बघेचना. म्हणाली, "मामीचं कुंकू कुठाय?" लाल चॅनलमध्ये लाल रंग उजळतो, त्यामुळं कुंकू कपाळाच्या रंगात विरघळून गेलं होतं. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. दुसऱ्या शूटिंगला मामीच्या कपाळावर कुंकवाच्या जागी बुक्का लावला. काळा तो काळाच, कुठलाही चॅनल वाढवा. तुम्ही काळी टिकली वापरली तरी चालेल. हिरवा चॅनल वाढवला तर सुरकुत्या, तीळ, देवीचे व्रण स्पष्ट होतात. आबांच्या जवळच्या शॉटला आम्ही तो वाढवला.

४. सामान

लग्नाचा कॅमेरा असेल तर उत्तम, नसेल तर चांगला फोन पुरतो. फोनमध्ये ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप घाला, त्यात शटर, म्हणजे एकेक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, हातानं ठरवता येतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकत नाही. फोनवर सहसा आधीपासून ३० फ्रेम लावलेल्या असतात, त्या बदलायचं विसरू नका.

ट्रायपॉड जड हवा. हलका असेल तर मधल्या दांडीला विटांची पिशवी बांधा. पांढरा थर्माकोलचा पत्रा उजेड परतवायला. दोन कॉलर माइक किंवा एक साधा रेकॉर्डर. एडिटिंगला डाव्हिन्ची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते, ती ३८४०×२१६० पर्यंत फाइल काढून देते.

चौकट मात्र खरी आणू नका. आम्ही पाडलेल्या वाड्याची सागवानी चौकट मोठ्या हौसेनं आणली. उचलायला चार माणसं लागली आणि दुपारच्या वावटळीत ती साहेबांच्या टेबलावर कोसळली. साहेब लघवीला गेले होते म्हणून वाचले. दुसरी चौकट पॅकिंगच्या फळ्यांची केली, मागून दोन तार-ताण दिले, खुंट्या जमिनीत ठोकल्या. तिला घरातला उरलासुरला निळा ऑइलपेंट मारला, पडद्यावर तो काळाकुळकुळीत आला.

५. परवानग्या आणि कागद

कागद नाहीत म्हणून अडवणाऱ्या साहेबावर सिनेमा करायचा आणि आपल्याच फायलीत कागद नसायचा, असं करू नका.

• रानमालकाची लेखी संमती, तारखेसह. सात-बारावर ज्याचं नाव त्याचीच सही घ्या, कसणाऱ्याची नको.
• ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवल्याची पोच.
• प्रत्येक कलाकाराचं संमतीपत्र. नातेवाइकांचंही. मागं रांगेत उभ्या असलेल्यांचंही.
• संगीत करणाऱ्याचं संमतीपत्र. मोबाइलवरून उतरवलेलं गाणं लावायचं नाही, लग्नाच्या व्हिडिओची सवय इथं सोडा.
• संहितेची प्रत, तिन्ही रकान्यांसह. मुंबईच्या स्क्रीन रायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन ती नोंदवता येते.

किल्ल्यात शूट करायचा मोह होईल. दौलताबाद केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडं आहे, नळदुर्ग राज्याच्या. दोन्हीकडं लेखी परवानगी लागते आणि ती चार दिवसांत मिळत नाही. सरकारी जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिथं ऑनलाइन अर्ज करता येतो. पहिल्या सिनेमाला मी सांगेन, ओळखीच्या माणसाचं रान बघा.

चौदा वर्षांखालचं मूल घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. आम्ही ते पात्र कॉलेजातल्या एका बारीक पोराला दिलं.

जनावराचंही तसंच. सिनेमात जनावर वापरायचं तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आधी परवानगी घ्यावी लागते, आणि सेन्सॉरकडं गेलात तर तिथं तो कागद मागतात. आमच्या गोष्टीत शेळी होती. ती काढली आणि दावं तेवढं ठेवलं. आबा ताणलेलं दावं धरून रांगेत उभे, दाव्याचं दुसरं टोक चित्राबाहेर एक पोरगं धरून ओढतंय. साहेब दाव्याच्या टोकाकडं बघून विचारतात, 'टेबू टेबू णिलप?' शेळीचा कागद. शेळी असती तर हा प्रसंग एवढा रंगला नसता.

टेबलावर तीन सिंहांची राजमुद्रा असलेले कागद किंवा पाटी ठेवू नका. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. खऱ्या कार्यालयाचं नावही नको. आम्ही बटाटा कापून त्यावर 'ळ' कोरला, शाईत बुडवून शिक्का मारला. दुपारपर्यंत बटाटा सुकून 'ळ' आक्रसला, म्हणून दर दोन तासांनी नवा बटाटा.

६. शूटिंग

नट शोधायचे तर युवक महोत्सवात मूकाभिनय केलेली पोरं बघा. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, तिथून बाहेर पडलेली मुलं आसपासच्या गावांत भेटतात. त्यांना शरीर कळतं. पण म्हातारी माणसं गावातलीच घ्या, तो चेहरा शिकवून येत नाही.

नटांना एकच सूचना: कुणीही विनोद करायचा नाही. चौकटीतून जाणं हे पीककर्जाच्या रांगेइतकं गंभीर काम आहे. साहेब झालेला आमचा मित्र पहिल्या दिवशी भुवया उडवत होता. त्याला सांगितलं, तुझ्या पोराची दहावीची मार्कशीट तपासतोयस असं समज. त्यानंतर तो कागद ज्या पद्धतीनं उलटासुलटा धरून बघायला लागला, त्यावर युनिट हसून हसून बाजूला झालं.

कॅमेरा लांब आणि स्थिर ठेवा. पऱ्हाटीवाल्याचा प्रसंग आम्ही आधी सात तुकड्यांत घेतला होता. हात, भारा, तोंड, पाय. काहीच उरलं नाही. दुसऱ्यांदा एकाच लांबच्या शॉटमध्ये घेतला. दोन्ही बाजूंचं मोकळं रान सतत दिसतं आणि मधे माणूस झटापट करतोय. मोकळं रान दिसलं तरच हसू येतं. चित्र ४:३ च्या आकारात धरा, चौकटीभोवती आणखी एक चौकट बसते.

वेळ सकाळी सात ते दहा आणि दुपारी चारनंतर. मे महिन्यात करू नका. माणसं वितळतात आणि आभाळ पांढरंफटक असतं, त्याला कुठलाही चॅनल वाचवत नाही. मृगानंतर ढग येतात पण रानात पाय रुततो. आम्हाला दसरा-दिवाळीच्या मधले दिवस लाभले. फक्त सोयाबीन काढणी चालू असते, माणसं मिळायला मारामार, आणि मळणीयंत्राचा आवाज दिवसभर.

बघायला आलेल्यांना हाकलू नका. त्यांनाच रांगेत उभं करा. कॅमेऱ्याकडं बघतील, म्हणून चौकटीच्या वरच्या फळीवर पाच रुपयांच्या खऱ्या नाण्यांची एक माळ टांगली आणि सांगितलं, नीट मोजेल त्याला देणार. सगळ्यांच्या नजरा बरोबर जिथं हव्या तिथं गेल्या.

७. आवाज

मळणीयंत्रामुळं आम्हाला सगळं डबिंग करावं लागलं. घडवलेल्या भाषेचा इथं मोठा फायदा आहे. वाक्य नंतर बदललं तरी कुणाला कळत नाही. एकच पथ्य पाळा. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात आणि ते पडद्यावर दिसतं. नवा शब्द घालताना ही अक्षरं जुन्या जागीच ठेवा, बाकी ट, ल, ळ, ण हवे तिथं फिरवा.

डबिंगसाठी आतली खोली, चारी बाजूंनी गाद्या उभ्या, पंखा आणि फ्रिज बंद. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर. रानातला नुसता आवाज, कुणीही न बोलता, अर्धा मिनिट तरी घेऊन ठेवा. तो खाली पसरला नाही तर डबिंग डब्यातून आल्यासारखं वाटतं. नसलेल्या दाराची करकर आम्ही आजीच्या झोपाळ्याच्या कडीची लावली.

८. एडिटिंग आणि सबटायटल

पहिला कट चौदा मिनिटांचा होता. तीन मिनिटं काढताना जीव तुटला, पण ज्या विनोदावर फक्त युनिट हसतं तो काढायचाच.

सबटायटल द्यायची की नाही हे संहितेच्या वेळीच ठरवा. आम्ही गावात दाखवायच्या प्रतीत दिली नाहीत, महोत्सवाच्या प्रतीत इंग्रजी दिली. लांबलचक बोलणं आणि खाली एकच शब्द, हा विनोद सगळेच करतात, फार तर एकदा करा. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. सबटायटलची फाइल एसआरटी प्रकारात करा आणि जतन करताना यूटीएफ-८ हे अक्षरांचं एन्कोडिंग निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतात. मराठी सबटायटल चित्रात छापणार असाल तर आधी 'क्ष', 'र्‍या', 'ष्ट्र' असलेली एक ओळ टाकून बघा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळेच फाँट जोडाक्षरं नीट बसवत नाहीत, आणि हे शेवटच्या रात्री कळलं की रडू येतं. सबटायटल एडिट हे फुकट सॉफ्टवेअर वेळा जुळवायला चांगलं आहे.

९. दाखवणं आणि पाठवणं

थिएटरात किंवा कुठंही सार्वजनिक खेळ लावायचा तर १९५२ च्या कायद्याप्रमाणं सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, अर्ज ऑनलाइन होतो. आम्ही पहिल्यांदा वाड्यातच, कलाकारांना आणि त्यांच्या घरच्यांना चादरीवर दाखवली.

यूट्यूबवर घाई करू नका. काही महोत्सव आधी इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकलेली फिल्म घेत नाहीत. पासवर्डची खाजगी लिंक ठेवा. छत्रपती संभाजीनगरचा अजिंठा-वेरूळ महोत्सव, पुण्याचा पिफ, आणि लघुपटांसाठी खास असलेला मुंबईचा मिफ, यांच्या तारखा आणि लांबीच्या अटी त्या त्या वर्षीच्या नियमात बघा. बाकी बहुतेकांचे अर्ज फिल्मफ्रीवे या वेबसाइटवर भरता येतात. सोबत संवादांची वेळेसह यादी, दोन-तीन स्थिरचित्रं आणि पाच ओळींचा सारांश तयार ठेवा.

अर्जात 'भाषा' असा रकाना असतो. आम्ही पहिल्यांदा तिथं मराठी लिहिलं, कारण अर्ज भरणारा मराठी होता. आठवड्यानं एका महोत्सवातून एका मुलीचा फोन आला. फार नम्रपणे म्हणाली, "सर, तुमच्या फाइलचा ऑडिओ करप्ट आलाय, परत पाठवता का?" मी म्हटलं, "नाही हो, ऑडिओ ठीक आहे." ती म्हणाली, "सर, आम्ही तिघांनी ऐकला. शब्द उलटे येतायत." तेव्हापासून त्या रकान्यात 'काल्पनिक' लिहितो आणि खाली शेऱ्यात एक ओळ टाकतो: संवाद असेच आहेत, फाइल तपासलेली आहे.